बीटलच्या इंजिनात वायरी घालताना: किती जाड, कुठून कुठे

फोंड्याच्या एका मॉडेलकारांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे १/२४ मापाचं फोक्सवॅगन बीटलचं किट आहे, १९६६ च्या १३०० मॉडेलचं. त्यांच्या आजोबांकडे पोर्तुगीज काळात घेतलेली बीटल होती. तीच गाडी करून, मागचं, म्हणजे इंजिनाचं, झाकण उघडं ठेवून घरात मांडायची त्यांची इच्छा आहे. किटमधलं इंजिन मोजक्या तुकड्यांत आटोपतं, म्हणून प्लगच्या (सिलिंडरात ठिणगी पाडणाऱ्या) वायरी आणि नळ्या त्यांनी स्वतः घालायला घेतल्या. वायरी दोरखंडासारख्या दिसू लागल्या, फेव्हिक्विकच्या आजूबाजूला पांढरट थर बसला, ०.३ मिमीची ड्रिलची पाती मोडली. आता ते विचारतात की हत्यारं कुठली आणू, आणि हे सगळं सोडून रेझिनचा, म्हणजे साच्यात ओतलेल्या तयार भागांचा, सेट मागवू का? सेटचं शेवटी सांगतो, कारण ते आधीच्या गोष्टींवर ठरतं.

तुमची अडचण मुळात हत्यारांची नाही. तारेची जाडी मापात बसत नाही, हे एक. दुसरं जास्त नडतं: वायर कुठून निघते आणि कुठे जाते हे ठरण्याआधीच ती चिकटवली गेली. उघड्या इंजिनाकडे बघणाऱ्याची नजर वायरीच्या मागे मागे जाते. वायर एखाद्या भोकात शिरताना दिसली की ती खरी वाटते. नुसती टेकवलेली दिसली, की बाकीचं कितीही नीट असो, नजर तिथेच अडकते. म्हणून माझं सांगणं असतं की वायरी कमी घाला, पण घालाल त्या प्रत्येकीला दोन्ही टोकं असू द्या.

यातल्या काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. मॉडेल काचेच्या पेटीत, हातभर अंतरावर राहणार असेल तर अर्ध्या बारकाव्यांची गरज नाही. हातात घेऊन बघणारे असतील तर वेगळं. आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी बाब म्हणजे गाडीचं साल. आजोबांची गाडी पोर्तुगीज काळातली, म्हणजे डिसेंबर १९६१ च्या आधीची, तर किट १९६६ चं. या दोन गाड्यांचं इंजिन एक नाही. किटमधलं १३०० म्हणजे १२८५ सीसी, ४० अश्वशक्तीचं. आजोबांच्या गाडीत ११९२ सीसीचं असणार, आणि त्यातही ऑगस्ट १९६० च्या आधीची गाडी असेल तर ३० अश्वशक्तीचं जुनं, नंतरची असेल तर ३४ चं नवं. जुन्या इंजिनात डायनामोचा पाया क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडातच, ओतलेला होता, नव्यात तो वेगळा करून बोल्टने बसवला. त्याहून ठळक फरक म्हणजे पंख्याच्या पत्र्याच्या आवरणातून दोन्ही बाजूंना खाली जाणाऱ्या जाड, वळ्यावळ्यांच्या हवेच्या नळ्या. त्या केबिनमध्ये ताजी गरम हवा सोडण्याच्या व्यवस्थेतल्या आहेत आणि १९६३ च्या मॉडेलपासून आल्या. आजोबांच्या गाडीत त्या नव्हत्या. तेव्हा किटमध्ये त्या असतील तर कापा आणि आवरणाची भोकं बुजवा. जाणत्या माणसाला चार वायरींपेक्षा हे आधी कळेल. घरात गाडीची जुनी कागदपत्रं किंवा झाकण उघडं असलेला एखादा फोटो मिळतो का ते आधी शोधा. नाहीच मिळालं तर १९६६ चीच गाडी निर्धास्त करा, पण मग सगळी १९६६ ची करा.

आता काय दिसतं आणि काय दिसत नाही ते बघू. बीटलचं इंजिन आडवं, समोरासमोरच्या सिलिंडरांचं. प्लग दोन्ही बाजूंना खाली, पत्र्याच्या आड. झाकण उघडून मागून पाहिलं तर प्लग दिसतच नाहीत. दिसते ती पत्र्यातल्या रबरी गोलातून आत शिरणारी वायर. म्हणजे प्लग घडवायचे कष्ट सरळ वाचले. कार्बोरेटरही त्याच्या डोक्यावरच्या तेलाच्या एअर क्लीनरने बराच झाकतो, तेव्हा त्याच्या पोटात बारकावे घालण्यात अर्थ नाही. नजर जाते ती डायनामो, बेल्ट, पुली, कॉइल (ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज तयार करणारी), डिस्ट्रिब्युटर (ती वीज पाळीपाळीने प्लगना वाटणारा) आणि त्यांच्यातल्या वायरींवर. वेळ तिथे घालवा. गाडी पाण्यावर थंड होणारी नसल्यामुळे रेडिएटर नाही, त्याच्या नळ्या नाहीत. दुसऱ्या गाड्यांच्या इंजिनांचे फोटो बघून नळ्या घालणारे लोक पाहिले आहेत मी. तसं करू नका.

मापाचं गणित साधं आहे, पण ते कागदावर मांडल्याशिवाय तारेला हात लावू नये. प्लगची वायर ७ मिमी जाड असते. २४ ने भागलं की ०.२९. तुम्ही वापरलेली ०.५ ची वायर खऱ्या गाडीत १२ मिमीची होते, म्हणून ती दोरखंड वाटते. बेल्ट साधारण १० मिमी रुंद, म्हणजे ०.४. १३ मिमी पान्याच्या बोल्टचं डोकं ०.५४. कॉइल साधारण ५५ मिमी जाड, म्हणजे २.३. ज्या भागाचं माप ठाऊक नाही त्याचं काय? प्लगची वायर दिसेल असा फोटो घ्या आणि तिलाच मोजपट्टी करा. ती ७ मिमी, तर शेजारचा रबरी गोल तिच्या किती पट आहे हे फोटोवर मोजून काढता येतं. भाग आणि वायर फोटोत सारख्याच अंतरावर असली पाहिजेत, एवढं सांभाळा.

तार कुठे मिळेल? पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटारी रिवाइंड करणारी दुकानं आपल्याकडे म्हापशात, मडगावात, फोंड्यात सगळीकडे आहेत. त्यांच्याकडची इनॅमलची, म्हणजे रोधक लेप दिलेली, तांब्याची तार गेजवर असते. गेज म्हणजे जाडीचा नंबर, इथे ब्रिटिश मापाचा; नंबर मोठा तशी तार बारीक. ३२ गेज म्हणजे ०.२७ मिमी, ३४ गेज ०.२३, ३६ गेज ०.१९. उरलेल्या तुकड्यांचं वेटोळं सहज देतात. प्लगच्या वायरीसाठी मी ३४ गेज घेतो, ३२ नाही. कारण प्राइमर आणि रंग मिळून ०.०५ मिमी सहज वाढतात आणि जाडी नेमकी ०.२८ ला येऊन थांबते. गेज सांगता आलं नाही तर तार पेन्सिलीवर अगदी लगटून दहा वेढे गुंडाळा, पट्टीने रुंदी मोजा आणि दहाने भागा. व्हर्नियर कॅलिपर नसला तरी काम भागतं.

या तारेवरचं इनॅमल पूर्ण खरवडू नका. आपल्या खाऱ्या, दमट हवेत उघडं तांबं काळं-हिरवं पडतं आणि रंगाखालूनही डाग वर येतात. इनॅमल हे थोपवतं. रंग धरावा म्हणून हजार नंबरच्या पॉलिश पेपरने ते नुसतं अंगावरून पुसा. तार सरळ करायची तर काचेवर ठेवून वरून स्टीलच्या पट्टीने लाटा. दोन्ही टोकं धरून ओढल्यानेही ती सरळ होते, पण कडक होते आणि मग बारीक वळणं घेत नाही.

आता डिस्ट्रिब्युटर. सगळ्या इंजिनाची ओळख त्याच्यावर आहे, म्हणून यावर सावकाश बोलतो. कॅप साधारण ६० ते ६५ मिमी व्यासाची, म्हणजे आपल्या मापात २.६ च्या आसपास. किटच्या चौकटीतली, म्हणजे स्प्रूची, गोल काडी हातड्रिलच्या तोंडात धरून पॉलिश पेपरवर फिरवत त्या व्यासाला आणा. ती लांबच ठेवा. भोकं पाडून झाल्याशिवाय कापू नका, नाहीतर एवढासा तुकडा धरायचा कुठे? वरच्या तोंडावर मधोमध सुईने टोचा आणि तिच्याभोवती चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर, केंद्रापासून ०.८ मिमीवर, चार टोचे मारा. टोचे भिंगाखाली बघा. एखादा सरकला असेल तर आत्ताच काडीचं टोक घासून नव्याने मारा. मधलं भोक कॉइलच्या वायरीचं, बाजूची चार प्लगची. वायरी पाच असतात. चारच घातलेली मॉडेलं पुष्कळ दिसतात, आणि कॉइल मग बिचारी कशालाच जोडलेली नसते.

पाती मोडतात ती बहुधा कार्बाइडची असल्यामुळे. सर्किट बोर्डची म्हणून स्वस्त मिळणारी बारीक पाती मशीनसाठी असतात. हाताच्या थरथरीने ती तटकन तुटतात. हातड्रिलसाठी हाय-स्पीड स्टीलची घ्या, ती थोडी वाकून सांभाळून घेतात. सोनारकामाच्या आणि घड्याळदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानांत हातड्रिल आणि पाती दोन्ही मिळतात. पात्याला मेण लावा, दोन-तीन फेरे फिरवा, बाहेर काढा, भुसा झटका, परत घाला. खाली दाबायचं नाही, हत्याराच्या वजनावरच जाऊ द्यायचं. विजेचं ड्रिल प्लास्टिक वितळवतं आणि पातं आत चिकटून बसतं.

वायर कॅपमधून निघते तिथे खऱ्या गाडीत रबरी टोपी असते. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सची रॅपिंग वायर घ्या, ३० गेज अमेरिकन मापाची. तिची आतली तार ०.२५ आणि बाहेरचं आवरण ०.५ मिमी. आवरणाचे अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे तुकडे नव्या ब्लेडने कापा आणि तारेवर सरकवा. ०.५ म्हणजे खऱ्यात १२ मिमी, वायरीपेक्षा जाड पण बोजड नाही. या टोपीमुळे दोन कामं होतात. भोक जरा वेडंवाकडं झालं असेल तर झाकलं जातं, आणि वायर खरोखर कशात तरी खोवलेली दिसते.

मग वायरींची वाट. बीटलचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, १-४-३-२. मागून बघताना उजवीकडे १ आणि २ नंबरचे सिलिंडर, त्यातला १ पुढचा म्हणजे गाडीच्या तोंडाकडचा. डावीकडे ३ आणि ४, त्यातला ३ पुढचा. डिस्ट्रिब्युटरचा रोटर, म्हणजे आतला फिरता हात, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, तेव्हा कॅपवर त्याच क्रमाने जा. १ उजवीकडे, ४ डावीकडे, ३ डावीकडे, २ उजवीकडे. उजवीकडे जाणाऱ्या वायरी लांब, डाव्या बाजूच्या आखूड, कारण डिस्ट्रिब्युटर मध्यापासून डावीकडे बसतो. वायरी मोकळ्या लोंबत नाहीत. पंख्याच्या आवरणावर त्यांना धरणाऱ्या पकडी असतात. बिअरच्या कॅनच्या पत्र्याची अर्धा मिलिमीटरची पट्टी कापून पकड करता येते. तो पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो. वायर पकडीतून गेली की तिचा बाक आपोआप खरा येतो. कापायच्या आधी बारीक फ्यूज वायरीने वाट मोजून घ्या, दोन-तीन मिमी जास्त ठेवा, आणि आधी कॅपकडचं टोक बसवा. दुसरं टोक पत्र्यातल्या गोलाच्या भोकात खाली घालून नको असलेली लांबी आत ढकलता येते. तिथे कुणाला काही दिसत नाही.

कॉइलला जास्त वेळ देऊ नका. २.३ ची गोल काडी, टोकाला निमुळतं डोकं, मधोमध एक भोक, कमरेला पत्र्याचा पट्टा. पंख्याच्या आवरणावर ती फोटोत जशी कलती आहे तशी बसवा.

बोल्टची डोकी करायला औषधाच्या दुकानातली २१ नंबरची नवी सुई घ्या. तिचं आतलं भोक ०.५१ मिमी असतं. सुईचं तिरकं टोक तिकोनी कानशीने घासून सपाट करा आणि बाहेरची कड धारदार करा. ०.२५ मिमीच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर ती उभी दाबली की गोल चकती आत अडकते. २६ गेजच्या तारेने ती मागून बाहेर ढकला. चकती षटकोनी नसते, पण अर्ध्या मिलिमीटरवर कोपरे उघड्या डोळ्यांना कळत नाहीत. उंची मात्र कळते, आणि ती बरोबर येते. सुई पकडीने कापू नका, नळी चेपते. कानशीने गोल खाच करा आणि मोडा. घरात लहान मुलं असतील तर काम झाल्यावर सुया झाकणाच्या बाटलीत ठेवा.

बेल्टला इन्सुलेशन टेप वापरण्याचा मोह होईल. वापरू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याचा डिंक कडेने सुटतो आणि महिन्याभरात बेल्ट पुलीवरून सरकतो. काळ्या कागदाची ०.४ ची पट्टी कापा, पुल्यांभोवती ताणून बसवा आणि पातळ फेव्हिक्विकचा एक थेंब सुईच्या टोकाने पाजा. कागद तो शोषून घेतो आणि प्लास्टिकसारखा कडक होतो. सांधा खालच्या पुलीच्या मागे येऊ द्या. दोन पुल्यांच्या मधला बेल्ट सरळ रेषेत असला पाहिजे, तिथे तो फुगला की इंजिन बंद पडल्यासारखं दिसतं.

१९६६ चीच गाडी केलीत तर हवेच्या त्या जाड नळ्याही लागतील. १६ गेजची सोल्डर वायर १.६ मिमीची असते. तिच्यावर ३६ गेजची तार लगटून गुंडाळा. बाहेरचा व्यास २ मिमी होतो, खऱ्यात ४८, आणि वळ्या आपोआप येतात. सोल्डर मऊ असल्यामुळे गुंडाळून झाल्यावरही हवी तशी वाकते. त्यात शिसं असतं, हात धुऊन जेवा. पेट्रोलची नळी त्या काळी कापडी विणीची होती. तिला गडद राखाडी शिवणाचा दोरा चालतो. तो आधी मेणातून ओढा, नाहीतर त्याची लव १/२४ मध्ये झुडपासारखी उभी राहते.

आता पांढऱ्या थराचं. फेव्हिक्विक हवेतल्या ओलाव्याने सुकतं. सुकताना त्याची वाफ वर येते, ओलाव्याशी मिळून घट्ट होते आणि शेजारच्या पृष्ठभागावर पांढरी होऊन बसते. आपल्याकडे जुलैत हवेतला ओलावा नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे फोंड्यात तुम्हाला हे जास्तच भोगावं लागणार. उपाय म्हणजे जिथे ताण नाही तिथे फेव्हिक्विक वापरायचंच नाही. भोकात शिरलेली वायर धरायला फेव्हिकॉलचा सुईच्या टोकाएवढा थेंब पुरतो, तो सुकल्यावर पारदर्शक होतो. जिथे फेव्हिक्विक हवंच तिथे थेंब कमीत कमी घ्या आणि समोर छोटा पंखा मंद चालू ठेवा, म्हणजे वाफ साचत नाही. बाटली बंद डब्यात, सिलिका जेलसोबत फ्रीजमध्ये ठेवता येते. पण बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरतं आणि बाटली वाया जाते. ड्रिलची पातीही सिलिका जेलच्याच डब्यात, अंगाला शिवणयंत्राच्या तेलाचा हात लावून ठेवा.

रंगाचा लॅकरही याच हवेत पांढरा पडतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि त्यावर ओलावा बसतो. घडवायचं काम पावसाळ्यात करा, लॅकरचा फवारा चवथीनंतर चांगली उघडीप मिळेल तेव्हा. रंग निवडताना लक्षात ठेवा की बीटलची क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. ती चकचकीत चंदेरी नसते, मंद राखाडी असते. पंख्याचं आवरण अर्धचकाकीचं काळं, वायरी आणि टोप्या त्याहून मऊ, चकाकी नसलेल्या काळ्या. काळ्यावर काळं असूनही वायरी वेगळ्या दिसतात त्या या चकाकीच्या फरकामुळेच. म्हणून सगळ्यावर एकच वार्निश मारू नका.

आता तयार सेटचं. एअर क्लीनर, त्यावरच्या पट्ट्या आणि क्लिपा, कार्बोरेटरचे बारीक दांडे, हे हाताने करणं शक्य आहे, पण त्यात शिकण्यासारखं कमी आणि वेळखाऊपणा जास्त. हे भाग रेझिनचे किंवा थ्रीडी छापलेले मिळत असतील तर खुशाल घ्या. मात्र मागवण्याआधी तो सेट १९६६ चा आहे की ३० अश्वशक्तीच्या जुन्या इंजिनाचा, हे तपासा. कारण पुष्कळ सेट नुसतं ‘बीटल इंजिन’ म्हणून विकले जातात. वायरी आणि बेल्ट मात्र सेटमधले घेऊ नका. त्यांची वाट तुमच्या किटच्या मापाप्रमाणेच बेतावी लागते, आणि सेटमधल्या वायरी बऱ्याचदा ०.४ ते ०.५ मिमीच्या येतात. म्हणजे पैसे देऊन पुन्हा दोरखंडच.

हत्यारांत एवढंच आणा: एक हातड्रिल, स्टीलची ०.३ आणि ०.५ ची पाती, टोकदार चिमटा, डोक्याला लावायचं भिंग आणि नव्या ब्लेडांचं पाकीट. डिस्ट्रिब्युटरपासून सुरुवात करा. पहिली कॅप टाकाऊ स्प्रूवर करून बघा, तिची पाच भोकं नीट आली की मग किटच्या इंजिनाला हात लावा. आजोबांच्या गाडीचा मागून काढलेला फोटो सापडला तर तोही पाठवा. डायनामोचा पाया दिसत असेल तर इंजिन जुनं की नवं ते मी बघून सांगतो.